अकरावा अक्रोड

मेजवानी शनिवारी झाली, पाहुणे रविवारी गेले, आणि सोमवारी सकाळी उरलंसुरलं वाटून घ्यायला दोघी जावा स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. मधे सासूबाई, त्यांच्यापुढे वजनकाटा. नऊ वर्षं हे असंच चाललं होतं. एकदा थोरलीने उरलेले बदाम ‘चुकून’ आपल्या कपाटात ठेवले, तेव्हापासून. थोरलीला विचारलंत तर ती सांगेल की त्याआधी धाकटीने मनुका उचलल्या होत्या. दोघींचीही आठवण पक्की, फक्त वर्षं वेगवेगळी.

मैदा निम्मा. लोणी निम्मं, सुरीला चिकटलेलंसुद्धा सासूबाईंनी बोटाने दोन्हीकडे सारखं पुसलं. मनुका वाटीने, साखरेत मुरवलेली संत्र्याची साल तुकड्यातुकड्याने. अक्रोड निघाले अकरा.

“पाच आणि पाच,” असं म्हणून सासूबाईंनी अकरावा स्वेटरच्या खिशात टाकला.

“आई, तुम्हाला कुठं चाववतो अक्रोड?” थोरलीने विचारलं.

“नाहीच चाववत. पण तुमच्या हातात दिला तर तुम्ही एकमेकींना चावाल.”

दोघींमधून विस्तव जात नव्हता आणि घरात ओव्हन मात्र एकच होता. त्याचीही वाटणी झालेली. दुपारी बारापर्यंत थोरलीचा, बारानंतर धाकटीचा. पावणेबाराला धाकटीने नुसतं दार उघडून जाळी पुसली तरी थोरली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून खोकायची.

त्या दिवशी मात्र धाकटीला भांडायला वेळ नव्हता. कोपऱ्यावर चहाचं दुकान चालवणाऱ्या बाईला रोज बिस्किटं करणारं माणूस हवं होतं. हातातली किटली कधी खाली ठेवत नाही म्हणून तिला सगळे किटलीबाईच म्हणत. चार वाजता नमुना घेऊन ये, असं तिने सांगितलं होतं. पाचला दुसरी एक बाई येणार होती आणि तिचा हात चांगला आहे असं गल्लीभर बोललं जायचं. लग्नाआधी धाकटी तीन वर्षं बेकरीत होती. या घरात आल्यापासून तिच्या हाताला कुणी बरं म्हटलं नव्हतं. थोरली म्हणू देईल तर ना! हे काम मिळालं तर निदान घराबाहेरचं कुणीतरी म्हणणार होतं.

एक वाजता तिने आपलं सामान मांडलं. मैदा होता, लोणी होतं. साखर नव्हती. तिचा डबा मेजवानीतच रिकामा झालेला, आणि बाजार उद्याशिवाय उघडणार नव्हता.

आता बरण्यांबद्दल सांगायला हवं. थोरलीच्या फळीवरच्या बरण्यांवर चिठ्ठ्या असत, आणि त्यातली एकही खरी नसे. ‘मिरे’ लिहिलेल्या बरणीत वेलदोडे, ‘तुरटी’मध्ये खडीसाखर, ‘मीठ’ लिहिलेल्या बरणीत पिठीसाखर. चोर फसावा म्हणून हा बंदोबस्त. चोर पहिल्याच महिन्यात शहाणी झाली होती. ‘मीठ’ उघडायचं, दोन चमचे घ्यायचे, बरणी हलवून वरचा भाग सपाट करायचा. थोरली बरणीवर पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवते, हेही धाकटीला माहीत होतं. ती रेघ पुसून खाली मारायची.

थोरली वर कपड्यांच्या घड्या घालत होती. पायऱ्यांकडे कान ठेवून धाकटीने ‘मीठ’ उघडलं, वाटीभर घेतलं आणि लोण्यात घालून भराभरा फेटलं. चाखायची तिला सवय नव्हती. चोरून घेतलेल्या मालाची चव कोण बघत बसतं! मनुका, साल, अक्रोडाचे तुकडे घातले, पेढ्याएवढे गोळे थापले आणि ट्रे आत सरकवला. बारा मिनिटांनी बिस्किटं अशी खरपूस निघाली, की तिला स्वतःशीच हसू आलं.

वासाने थोरली खाली आली. न विचारता एक उचललं. तोंडात टाकलं, आणि तिचा चेहरा आधी आवळला, मग हळूहळू उजळत गेला. नऊ वर्षांत धाकटीने तिला एवढं खूश पाहिलं नव्हतं.

“वा!” सिंकमध्ये थुंकून ती म्हणाली. “किटलीबाईला सांग, आधी एक घागर पाणी भरून ठेव.”

धाकटीने एक तुकडा जिभेला लावला. नुसतं मीठ.

“वहिनी, काय केलंत तुम्ही?”

“मी? मी काहीच केलं नाही गं. मेजवानीला पाहुण्या बायका स्वयंपाकघरात शिरणार म्हणून गुरुवारी सगळ्या बरण्यांत खरा माल भरला. चिठ्ठीवर मीठ, आत मीठ. तुला कसं कळणार? तुला मी भांड्यांवर बसवलं होतं. आणि चिठ्ठी वाचून चालायची तुला सवयच कुठं आहे, बाईसाहेब!”

“चार दिवस खरं वागलात, तेही नेमके हेच चार!”

“आणि माझ्या बरणीत तुझा हात कशाला गेला, ते सांग ना.”

आवाज चढले तसे सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. अडीच वाजले होते. धाकटीने टेबलाकडे पाहिलं. तिचा वाटा संपला होता, सगळाच्या सगळा त्या ट्रेमध्ये खारट होऊन पडला होता. थोरलीचा वाटा समोरच्या टोकाला तसाच होता. मैदा, लोणी, मनुका, साल, पाच अक्रोड. तिला कळत होतं की आता काय करावं लागणार आहे, आणि ते करण्यापेक्षा तिने तो ट्रे एकटीने बसून संपवला असता.

“वहिनी,” ती भिंतीकडे बघत म्हणाली, “तुमचं सामान द्याल का?”

थोरलीने उत्तर द्यायची घाई केली नाही. अशी संधी पुन्हा येणार नाही, हे कळण्याइतकी ती मुरलेली होती. आणि तिच्या डोक्यात दुसराच हिशेब सुरू झाला होता. ही दुकानात कामाला लागली, की दिवसभर तिकडे. ओव्हन आपला, फळी आपली, दुपारही आपली.

“देते की,” ती म्हणाली. “साखरही देते. पण आधी आईंसमोर सांग, आजवर माझ्या बरण्यांतून काय काय नेलंस.”

धाकटीने सांगितलं. पिठीसाखर, वेलदोडे, एकदा केशर. दर शब्दाला थोरली सासूबाईंकडे बघत होती, जणू पदक मिळणार आहे.

“केशरही?” सासूबाई म्हणाल्या. “मला वाटलं ते मी नेलं.”

“आई!”

“वहिनी, माझं झालं,” धाकटी म्हणाली. “आता तुम्ही आईंसमोर सांगा. मला हे काम मिळालं तर तुम्ही त्याच्या आड येणार नाही. कुठल्याच बाबतीत.”

“मी कशाला आड येईन? उलट मिळावंच तुला! रोज जा, सकाळीच जा. आई, ऐकलंत ना? मी कुठल्याही बाबतीत आड येणार नाही.”

“ऐकलं,” म्हणत सासूबाईंनी खिशातला अक्रोड बाहेर काढला, वजनकाट्याच्या दांड्याने फोडला आणि थोरलीच्या ढिगात टाकला. सासूबाईंसमोर बोललेला शब्द त्या घरात फिरवता येत नसे. एवढ्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं.

दुसरा ट्रे सव्वातीनला निघाला. साखर आता चिठ्ठीवर लिहिलेल्या बरणीतच होती, तरी थोरलीने सवयीने तिच्याकडे पाठ फिरवून ती काढून दिली. धाकटीने या वेळी प्रत्येक गोष्ट जिभेला लावून बघितली, अगदी मैदासुद्धा.

“विष घातलंय का बघतेस?” थोरलीने विचारलं.

“तुमच्याकडे असेल तर त्यावर ‘मध’ लिहिलेलं असेल.”

चारला पाच मिनिटं कमी असताना डबा घेऊन धाकटी निघाली. मागोमाग थोरलीही चप्पल घालून आली. “माल माझा आहे, मी येणार.” खरं म्हणजे तिला आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं, ही बला घरातून किती वाजता जाणार आणि किती वाजता परत येणार.

दुकानाचं दार अर्धं उघडं होतं. किटलीबाईने किटली डाव्या हातात घेतली, उजव्या हाताने बिस्किट मोडलं, आधी वास घेतला, मग खाल्लं. लगेच दुसरं घेतलं. धाकटीने डब्याचं झाकण दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं.

“अक्रोड कडू नाहीत,” किटलीबाई म्हणाली. “साल कमी घाल, दातात अडकते. तिसरं घेऊ का?” आणि तिसरं तोंडात असतानाच, “पाचच्या बाईला नको म्हणून कळवते. उद्यापासून.”

थोरली खुशीत दुकान न्याहाळत होती. चार टेबलं, एक शेगडी, कपांची फळी. मग तिची नजर थांबली. तिने पुन्हा एकदा भिंतीभिंतीने पाहिलं.

“ओव्हन कुठंय तुमचा?”

“ओव्हन? माझ्याकडे कुठला आलाय ओव्हन!” किटलीबाई हसली. “सामान इथून न्यायचं, भाजायचं घरी. पहाटे पाचला सुरू केलं तर साडेआठला ताजी इथं येतील. ही म्हणाली, घरात मोठा ओव्हन आहे आणि जाऊबाई कुठल्याच बाबतीत आड येत नाहीत. हरकत नाही ना तुमची?”

थोरली धाकटीकडे वळली. धाकटी डब्याच्या झाकणाकडे बघत होती, फार लक्षपूर्वक.

“कधी म्हणाली ही असं?”

“शुक्रवारी.”

शब्द तर आज दुपारी दिला होता. तो घ्यायचा, हे धाकटीने शुक्रवारीच ठरवून टाकलं होतं. फक्त त्याची किंमत एक ट्रे मीठ पडेल, हे तिलाही माहीत नव्हतं. थोरलीला हे सगळं दारातल्या पायपुसण्यावर उभ्या उभ्या कळलं.

“हरकत कसली,” ती म्हणाली. दाढ काढताना माणूस जसं हसतं तशी हसली.

दोघी घरी परतल्या. फाटकाशी थोरली म्हणाली, “ओव्हन दिलाय. फळी नाही दिलेली.”

“मी कुठं मागितली?”

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, थोरलीच्या वेळेत, धाकटीने स्वयंपाकघरातला दिवा लावला. फळीवर बावीस बरण्या ओळीने उभ्या होत्या, सगळ्या काचा लख्ख धुतलेल्या. एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. आणि दारात खुर्ची टाकून, शाल लपेटून, थोरली बसली होती.

“कर ना सुरू,” ती म्हणाली. “मी नुसतं बघते.”