कानातलं नाव

सन अठ्ठ्याहत्तरच्या आश्विनातला गुरुवार पुसेगावात नेहमीसारखाच उजाडला. बायांनी अंगणात सडा घातला, गुरे पांदीने रानाकडे गेली, चुलींचा धूर छपरांवर रेंगाळला. आडावर मिराबाईने पहिली घागर भरून कडेला ठेवली आणि पद्माबाईच्या कडेवरच्या मुलाच्या कपाळावर हात ठेवला.

"लई सुकलं गं लेकरू. जुलाब थांबले न्हाईत?"

"न्हाई, मावशी."

"याचं बारसं तुझ्या माहेरी झालं ना, वसमतला? आत्यानं कानात काय नाव सांगितलं?"

पद्माबाईने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतले. "गणोजी," ती म्हणाली.

दुपारी अमृतरावाच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. दर गुरुवारी त्याच्या या भावजयीच्या, मिराबाईच्या, अंगात शहाबाबा पीर येत. बाबा लेकरांना कानातल्या नावाने हाक मारीत; आणि ते नाव तर घराबाहेर कोणी उच्चारीत नसे.

"मंडळी, बाईला मराठीबिगर शबूद येत न्हाई," अमृतराव ओरडला. "बाबा दखनी बोलतात. बाबाचं बाईला ठाऊक न्हाई, बाईचं बाबाला न्हाई. एका घरात दोन बिऱ्हाडं, मधी पक्की भिंत!"

आरोग्य केंद्रातील नर्स मनकर्णा दाराशी उभी होती. असे बाबा तिने इतके पाहिले होते की आता तिला राग येत नसे. थकवा तेवढा येई.

मिराबाईचे केस सुटले, मान घुमू लागली. आवाज जड झाला. "इधर लाव बच्चे कू! क्या रे गणोजी, बहुत तकलीफ है? दवाखाने कू नक्को ले जाना. सुई लगी तो मैं चले जातूं."

"नाव सांगितलं! बराबर सांगितलं!" गर्दीतून आवाज उठला आणि सगळ्यांचे हात जोडले गेले.

"ह्ये माझ्या लेकराचं नाव न्हाई," पद्माबाई म्हणाली.

जोडलेले हात खाली आले. मुलाचा बाप मुंजाजी बायकोकडे बघतच राहिला.

"नर्सबाई म्हणल्या, कुणी नाव इचारलं तर खोटं सांग. सकाळी मावशीनं आडावर इचारलं. मी तोंडाला आलं ते सांगितलं. आमच्या सात पिढ्यांत कुणी गणोजी न्हाई. मंग बाबाला ह्ये कुठून कळलं?"

म्हातारा दगडोबा खोकत हसला. "आरं अमृतराव, भिंतीला खिडकी व्हती म्हण की!"

"भिंतच नव्हती, दगडोबा," मनकर्णा म्हणाली. "गावात प्रत्येक बारशाला पाळण्याशी बसून कोण गातं? मिराबाई. आत्या कानात कुजबुजते, ते शेजारी बसलेल्या बाईला ऐकू येतं. हे एक लेकरू बाहेर जन्मलं, म्हणून विचारावं लागलं. आणि दखनीचं काय नवल? त्या लहानपणी हिंगोलीत दखनी शेजारातच वाढल्या. बिऱ्हाडं दोन दाखवली, कोठार एकच."

मिराबाईची मान थांबली होती. नवऱ्याने टाकलेली ती बाई दिराच्या घरची भाकरी या गुरुवारांवरच खात होती. कोणी काही बोलण्याआधी मनकर्णाने तिला पाण्याचा तांब्या दिला.

"यांना बोल लावू नका. ज्याला मानायचं त्याला माना. पण आधी पारखून घ्या. लेकराची टाळू खोल गेली आहे. अंगातलं पाणी तुमच्या मानण्यासाठी थांबत नाही. मीठ-साखरेचं पाणी पाजत न्या, पण आजच हिंगोलीच्या दवाखान्यात न्या."

"बाबाचा कोप झाला तर?" मुंजाजी पुटपुटला.

अमृतराव पद्माबाईवर खेकसला, "एवढी शहाणी हायेस, तर खरं नाव सांग की!"

"दवाखान्यात सांगीन," ती म्हणाली.

तिने मुलाला पदरात घेतले आणि गर्दीतून वाट काढीत ती फाट्याकडे चालू लागली. हिंगोलीची एसटी आली, तेव्हा ती आधी चढली. मुंजाजी तिच्या मागून चढला आणि मुलाच्या तोंडाशी मीठ-साखरेच्या पाण्याची वाटी धरून बसला.