उसनं कपाट

आमच्या पुसदमध्ये कपडे दुकानात पसंत होत नाहीत, घरी होतात. बाई दुकानात येते, अर्धी फळी खाली उतरवायला लावते आणि शेवटी म्हणते, "घरी दाखवून आणतो जी." मग चार-पाच ड्रेस पिशवीत घालून ती निघते. घरी सासू पाहते, जाऊ पाहते, शेजारीण उगाच नाक मुरडते, आणि दुसऱ्या दिवशी एखादा ठेवून बाकीचे परत येतात. याला आम्ही 'पसंतीला देणं' म्हणतो. शहाणा दुकानदार हा प्रकार केव्हाच बंद करतो. मला ते जमलं नाही, कारण आमचं दुकानच त्यातून उभं राहिलेलं. माझे बापू, उत्तमसिंग राठोड, सायकलला कापडाचं गाठोडं बांधून तांड्यातांड्यांवर फिरायचे. दारात गाठोडं सोडायचं, दोन कापडं ठेवायची आणि म्हणायचं, "पाहा, चार जणींले दाखवा, पुढच्या बाजारी सांगा." कापड रात्रभर घरात राहिलं की बाईचं मन त्यात अडकतं, असं त्यांचं म्हणणं. बहुतेक वेळा ते खरं व्हायचं.

एकच घर असं होतं जिथे बापूंची ही विद्या चालत नव्हती. हजराबीचं.

हजराबी आमच्या साड्यांना पिको-फॉल करून द्यायची. नवरा मुख्तार ट्रक दुरुस्त करणारा, राजूरच्या खाणीकडे कामाला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येणारा. मुलगी कहकशां कॉलेजात. साड्या पोचवायला हीच मुलगी यायची आणि जाताना दोन-तीन ड्रेस पसंतीला न्यायची. दुसऱ्या दिवशी सगळेच्या सगळे परत. "नाही पडले पसंत, काका." दोन वर्षं हेच एक वाक्य. मला राग यायचा, पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. तिच्याकडून कपडे परत यायचे ते इस्त्री होऊन. सुटलेला हूक टाकलेला, लोंबणारे दोरे कापलेले. कपडा गेला त्यापेक्षा नवा होऊन यायचा. आता अशा गिऱ्हाइकाला शिव्या तरी कोणत्या द्यायच्या?

मग ते दोन हजार अकरा साल आलं. आदल्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव मिळाला होता आणि बायकांनी दुकान धुऊन नेलं होतं. मला वाटलं, यंदाही तसंच होणार. मी दुप्पट माल भरला. एवढ्यावर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो, पण एका गोडबोल्या एजंटानं सुती ड्रेसचे गठ्ठे गळ्यात मारले. कापसाच्या गावात सुती कोण घालतो? आमच्या बायकांना सुरतेचं झुळझुळीत हवं, धुतलं की वाळणारं. यंदा कापसाचा भाव जवळपास निम्म्यावर आला, आणि मी माशा मारत बसलो. दिवाळी आणि बकरीद एकाच पंधरवड्यात आल्या होत्या. तेवढ्या दिवसांत हा माल उठला नाही, तर मलाच दुकानातून उठावं लागणार होतं. माझी झोप उडाली.

झोप उडालेला माणूस आधी दुसऱ्याची सोय बंद करतो. दसऱ्यानंतर मी पुठ्ठ्यावर लिहिलं, 'कपडे पसंतीला मिळणार नाहीत', आणि पुठ्ठा गल्ल्यावर टांगला. त्याच दिवशी कहकशां आली. तिनं पाटी वाचली.

"एकबी नाही काय, काका?"

"एकबी नाही."

"दिवाळीपर्यंत तरी द्या नं. डाग पडला तर अम्मी भरून देईन."

"डागाची गोष्ट नाही, बाई. तुमच्या घरी काही पसंतच नाही पडत, तर कायले उगाच नेणं-आणणं?"

तिनं पाटी पुन्हा एकदा वाचली. साड्या ठेवल्या आणि गेली. जाताना तिनं फळीवरच्या सुती ड्रेसांकडे ज्या नजरेनं पाहिलं, तशी नजर मी आमच्या दुकानात फार दिवसांत पाहिली नव्हती.

त्यानंतर विचित्र प्रकार सुरू झाला. दिग्रसहून दोन बायका आल्या. बसण्याआधीच एकीनं विचारलं, "तो सुपाआडचा निळा दाखवा."

"कोणत्या सुपाआडचा?"

"निळा. सुती. बाह्याले लाल पट्टी हाय."

तो गठ्ठ्यातलाच होता. मी काढला. भाव सांगितला. तर दोघी भाव ऐकायचं सोडून माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होत्या. तोंडाकडेही नाही, कानाकडे! मी कान खाजवला, तशी एक दुसरीला कोपरानं ढोसून म्हणाली, "अजून सोडते." आणि खरोखरच मी अजून सोडलं.

दुसऱ्या दिवशी उमरखेडच्या मायलेकी. त्यांना 'छत्रीवाला पिवळा' हवा होता. त्याही कानाकडे पाहत होत्या. मी घरी येऊन आरशात कान पाहिला. कानात काही नव्हतं. चार-सहा दिवस अशी गिऱ्हाइकं येत राहिली, सुतीचा एक गठ्ठा निम्मा झाला, आणि मग एकाएकी थांबली. शेवटी आलेली एक जण हिरमुसून म्हणाली, "नवीन फोटू काऊन नाही येऊन राह्यले जी?" मी विचारलं, "कोणते फोटू?" तिनं माझ्याकडे मी वेडा असल्यासारखं पाहिलं आणि रिक्षात बसून निघून गेली.

त्याच दुपारी जेवायला घरी गेलो, तर माझी बायको रंजिता पोराच्या अभ्यासासाठी घेतलेल्या कॉम्प्युटरपुढे बसलेली. म्हणाली, "आपल्या दुकानात असा निळा हाय काय? मले पायजे."

पडद्यावर एक मुलगी उभी होती. अंगात माझा निळा ड्रेस, तोंडासमोर सूप. मागे फुलाफुलांची चादर टांगलेली. वर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'उसनं कपाट'. खाली केळीच्या पानाआड माझा हिरवा, छत्रीआड माझा पिवळा. सगळीकडे मीच होतो, फक्त मला पत्ता नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

"हे काय हाय?"

"ब्लॉग. मी वर्षभरापासून वाचून राह्यलो. कोण लिहिते माहीत नाही, पण काय लिहिते! जुन्या लुगड्याच्या काठाचा कुडता मी इथंच पाहून शिवला. तुमीच विचारलं नं, कितीचा आणला म्हणून?"

मी पडद्याला नाक लावलं. निळ्या ड्रेसच्या गळ्याशी सेफ्टी पिन होती आणि पिनेखालून भावाच्या चिठ्ठीचा कोपरा डोकावत होता. चिठ्ठीवर माझं अक्षर, दुकानाचं अर्धं नाव, आणि हा निळा पसंतीला नेला होता तो एकट्या कहकशांनं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं मी मोठ्यानं म्हणालो आणि खुर्ची ओढून वाचायला बसलो. चिडून वाचायला लागलो होतो. पण चीड टिकेना.

पोरीनं काय काय केलं होतं! एका दुपट्ट्यात चार पेहराव. अब्बांच्या विटलेल्या शर्टाची कुर्ती. अंगणात फोटो काढताना उजेड हवा तर पोळ्यांची परात समोर तिरपी धरायची. सायबर कॅफेत एका तासात तीन लेख चढवायचे, म्हणून घरीच पाठ करून जायचं. सुतीवर तर तिनं लिहिलं होतं, 'शेतात आपण पिकवायचा आणि अंगावर दुसऱ्यांनी घालायचा, हे कुणी ठरवलं? घालून पाहा. उन्हात उभं राहा. मग मला सांगा.' खाली पन्नासेक बायकांची उत्तरं. एक अमेरिकेतून.

आणि मग तो लेख आला. 'पुसदच्या एका दुकानदाराची खूण सांगते. भाव सांगताना त्यांनी कान खाजवला तर समजा, अजून सोडणार आहेत. हात गल्ल्यावर ठेवला तर शेवटचा भाव. मग मुकाट्यानं द्या, माणूस चांगला आहे.'

रंजिता इतकी हसली की तिला ठसका लागला. "अगं बाई, हे तर तुमीच हाय!"

तेव्हाही माझा हात कानावरच होता.

सगळ्यात वरचा लेख दसऱ्यानंतरचा होता. फोटो नव्हता. 'कपाट बंद झालं. ज्यांचं होतं, त्यांनी कुलूप लावलं. त्यांचा राग नाही, माल त्यांचा आहे. माझ्याकडे स्वतःचे दोन ड्रेस आहेत, ते तुम्ही पाहून झालेत.'

मी तो लेख दोनदा वाचला. रंजितानं मला विचारून सगळं काढून घेतलं, कोणाची मुलगी, कोणती पाटी, सगळं. मग तिनं ताट वाढलं आणि म्हणाली, "जेवा आन् गाठोडं बांधा."

"मी जाऊ त्यांच्या दारी?"

"तुमचे बापू जात होते नं?"

दुपारीच मी चादरीत ड्रेस बांधले. गाठ काही केल्या बसेना, बापूंना ती एका हातानं यायची. गाठोडं स्कूटरवर पुढ्यात ठेवून हजराबीच्या गल्लीत गेलो. अंगणातल्या तारेवर तीच फुलाफुलांची चादर वाळत होती. हजराबी मशीन सोडून दारात आली आणि मला पाहून तिचा चेहरा उतरला.

"जीवनभाऊ, आमी तुमच्या दुकानाचं काही बिघडवलं नाही. जसा नेला तसा आणून देला."

"भाभी, मी भांडायले नाही आलो. पसंतीला आणले."

तिनं गाठोड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मागून कहकशां आली. मी म्हणालो, "गिऱ्हाइकं विचारून राह्यली, नवीन फोटू काऊन नाही. मी त्यायले काय सांगू? तू घाल, फोटू काढ, लिही. चिठ्ठी लपवू नको, दुकानाचं नाव मोठं येऊ दे. आन् दिवाळीले तुले जो आवडन तो तुहा. मेहनतीचा."

मुलगी आनंदानं ओरडेल असं मला वाटलं होतं. तिनं खाली बसून गाठोडं सोडलं आणि एकेक ड्रेस बाजूला टाकायला लागली. "हा नाही चालत. हा फोटूत मळका दिसते. हा काका, तुमी कोणाच्या सांगण्यावरून घेतला?" निम्म्याहून जास्त माल तिनं माझ्या तोंडावर नापास केला. मग म्हणाली, "आन् एक. भाव एकच सांगायचा. कान नाही खाजवायचा."

"मग तू लेखात काय लिहिशील?"

"तेच. की आता कान बंद झाला."

हजराबी तोंडावर पदर धरून हसायला लागली. तेव्हा मला कळलं, फोटो तीच काढते. रंजितानं मला दाखवलं होतं, प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक अंगठा येतो, जाड, सुईनं टोचलेला. तो अंगठा आता पदरावर होता.

पाटी मी उतरवली. नवे फोटो आले, आणि दिवाळीच्या आधीच्या त्या दिवसांत मला चहा प्यायला फुरसत मिळाली नाही. पुसद तर सोडाच, पार केळापूरकडून बायका आल्या. मोठी खरेदी कुणाचीच नव्हती, तेवढा पैसा कुणाकडे होता? पण एकेक सुती ड्रेस प्रत्येकीनं नेला. एकदा सवयीनं माझा हात वर गेला, तर समोरच्या तिघी एकसुरात ओरडल्या, "काका, कान!" सगळं दुकान हसलं. मीही हसलो. आदल्या वर्षी याच्या दुप्पट गल्ला होता, पण असं हसू नव्हतं. बकरीद यायच्या आत गठ्ठे उठले. दुकान राहिलं.

कहकशांनं मात्र दिवाळीला स्वतःसाठी काहीच उचललं नाही. म्हणाली, "थांबा, काका, पाहतो." बकरीदच्या आदल्या दिवशी तिनं शेवटचे कपडे परत आणले. नेहमीसारखे इस्त्री केलेले. मी चाळले, तर एक कमी. राखाडी, बारीक पांढऱ्या रेघांचा, साधा. तो मी स्वतःहून कुणाला दाखवतही नव्हतो.

"राखाडी कुठं हाय?"

"अम्मीले पसंत पडला," ती म्हणाली.

त्या घरातून हा शब्द 'नाही'शिवाय मी पहिल्यांदा ऐकला.

ईदच्या दिवशी रंजितानं मला कॉम्प्युटरपुढे ओढत नेलं. चादर तीच, सूप तेच. सुपाआड उभी असलेली बाई मात्र जरा रुंद होती, राखाडी ड्रेसमध्ये, अवघडून, एक पाय पुढे टाकून, तरण्या मुली टाकतात तसा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या साड्यांना फॉल लावणारे तिचे हात सुपाच्या कडेवर दिसत होते. फोटोच्या कोपऱ्यात या वेळी अंगठा नव्हता. खाली पोरीनं एवढंच लिहिलं होतं, 'हा उसना नाही.'

माझे डोळे भरून आले, आणि ते सांगायची मला लाज वाटत नाही. रंजितानं माझ्याकडे पाहिलं आणि माझा हात धरून हळूच खाली आणला. "तुमी कान काऊन खाजवून राह्यले?" ती म्हणाली. "इथं कोणाले भाव सांगायचा हाय?"