कमळबाईंची स्कूटर भंगारात जात नाही

जुनी स्कूटर आहे मी, मित्रांनो. दिघाशी गावात बाळाराम मिस्त्रींच्या पडवीत माझा मुक्काम असतो. माझा मूळ रंग कोणता ते आता मलाही नीट आठवत नाही. बहुधा निळा असावा. एका बाजूचा आरसा नाही आणि सीटला दोन ठिगळे आहेत. हे सगळे आधीच सांगून टाकते, कारण वयावरून मला कोणी हिणवलेले मुळीच खपत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला, पण त्याचे मला फारसे कौतुक नाही. मिस्त्रींच्या बायकोने, कमळबाईंनी, माझ्या हँडलला झेंडूचा हार घातला आणि चाकाखाली लिंबू ठेवले, त्या दिवशी माझे खरे आयुष्य सुरू झाले. मिस्त्री तेव्हा शेलार गावी एका कापडाच्या कारखान्यात लूम दुरुस्त करायचे. दिवसपाळी असो की रातपाळी, मी कधी दांडी मारली नाही. त्यांचा मुलगा दीपेश माझ्या पुढच्या फळीवर उभा राहून चौथीपर्यंत शाळेत गेला. गावात तेव्हा गाड्या कमी होत्या. पाहुणे आणायचे असोत की लग्नाची भांडी, लोक मलाच शोधत यायचे. मी मिरवायची, खोटे कशाला बोलू?

मग मिस्त्रींच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. उजेड आणि सावली यापलीकडे त्यांना फारसे दिसेना. मी पडवीत उभी राहिले ती राहिलेच. माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या. वर्षभर मी हा अपमान गिळला. एके दिवशी कमळबाईंनी पदर खोचला, कोंबडी हुसकली आणि नवऱ्याला मागे बसवून त्या म्हणाल्या, "तुमी गेर सांगा, मी टाकते."

गाव हसले. दोनदा आम्ही लोकांच्या कुंपणात घुसलो. पण आठवड्याभरात आमचा जम बसला, आणि हसणाऱ्यांपैकीच एकीने आपले दळण माझ्यावरून पाठवले. तेव्हापासून भाताची गोणी, वालाच्या शेंगा, मिस्त्रींच्या डोळ्यांचे थेंब, या घराचे सगळे काम आम्हा दोघींच्या जिवावर चालते. कमळबाईंना कोणाच्या तोंडाकडे बघत बसावे लागत नाही.

माझे नखरे आहेत, ते मी नाकारत नाही. थंडीत मला लवकर जाग येत नाही. चोक ओढावा लागतो, एका अंगावर कलती करावी लागते, मग किक. शिवाय मला नुसते पेट्रोल पचत नाही. लिटरमागे दोन टोपणे तेल मिसळावे लागते, आणि ते टोपण खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचे असते. कमळबाईंनी हे माप कधी चुकवले नाही.

चुकवले दीपेशने. तो आता गोदामात सुपरवायझर आहे, स्वतःची नवी बाईक आहे. मुलगा मनाचा चांगला. ऐन पौषातल्या थंडीत, आईला पंपावर जावे लागू नये म्हणून त्याने कॅनमधून माझी टाकी भरली. "आई, टाकी फुल केली तुझी," एवढे सांगून तो ड्युटीवर गेला. त्याच्या बाईकमध्ये पेट्रोलात तेल घालावे लागत नाही, मग माझ्यात तरी कशाला घालेल? आणि कमळबाईंना वाटले, त्याने घातलेच असेल.

मागे भाताची गोणी बांधून आम्ही गिरणीकडे निघालो. चढावर आतला पिस्टन कोरडा घासू लागला. मी ओरडत होते, पण माझा आवाज नेहमीच मोठा, कोणाला कळणार? एकाएकी पिस्टन जाम झाला, मागचे चाक जागीच अडकले आणि कमळबाई पडल्या. त्यांचा गुडघा फुटला. मित्रांनो, माझ्यावरून पडलेले ते पहिले माणूस, आणि तेही माझ्या कमळबाई. मला फार वाईट वाटले.

संध्याकाळी दीपेशने पट्टी बांधली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "आई, बस झालं आता. एवढी जुनी गाडी, कधीतरी घात करणारच होती. रविवारी भंगारवाल्याला बोलावतो. आणि तू पुन्हा गाडी चालवायची नाही."

"मंग बाजार कोण करल?"

"मी आणत जाईन ना."

"तू घरी येतोस तवा बाजार उठलेला असतो," कमळबाई म्हणाल्या. "तुजी वाट बघत मी बसायची न्हाय."

घात! हा शब्द मला झोंबला तो झोंबलाच.

दुसऱ्या सकाळी अंगण सारवून, भाकऱ्या थापून, कमळबाईंनी हात पुसले आणि पाना धरला. मिस्त्री उन्हात पाटावर बसून एकेक नट कुठे आहे ते सांगत होते. नट भाकरीच्या परातीत गेले. इंजिनात डिझेल ओतून दोन दिवस मुरू दिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुसळाने हळूहळू ठोकून पिस्टन मोकळा केला. मिस्त्रींनी तो हातात घेतला. आयुष्यभर कापड आणि लोखंड चाचपलेली ती बोटे; त्यांनी पिस्टनवरून नख फिरवले.

"अगो, ह्यो कोरडा चाललाय," ते म्हणाले. "तेलच न्हाय याला."

रविवारी दीपेश भंगारवाल्याला घेऊन आला. माझे सुटे भाग बघून भंगारवाला म्हणाला, "चाची, अब इसका कुछ नहीं होगा. दे दो."

"रुको भैया," कमळबाई म्हणाल्या आणि त्यांनी पिस्टन दीपेशच्या हातात ठेवला. "नख फिरव. चरे लागतात?"

"लागतात."

"टाकी भरलीस तवा तेल घातलं व्हतंस?"

दीपेश गोंधळला. "कसलं तेल?"

भंगारवाल्याने कपाळावर हात मारला. "अरे भाई, टू-स्ट्रोक है ये! तेल मिलाके चलती है!"

कमळबाईंचा आवाज चढला नाही, पण माझ्या सगळ्या पत्र्यांना तो ऐकू गेला. "गुडघा माजा फुटला. चूक तुजी. नि घातकी ठरली ती ही व्हय? वर माजी गाडीबी बंद?"

"चुकलं माझं, आई," दीपेश म्हणाला. भंगारवाला रिकामी हातगाडी घेऊन हसत गेला.

नुसत्या माफीवर कमळबाईंनी त्याला सोडले नाही. त्याला टेमघरला दामूच्या गॅरेजात पिटाळले, पिस्टनच्या नव्या रिंगा आणायला लावल्या, पॉलिश पेपरने चरे घासायला बसवले. त्याचे हात काळे झाले, तेव्हा कुठे माझा राग थोडा उतरला. इंजिन जोडून झाले, तेल मोजून पडले. "मार किक," कमळबाई म्हणाल्या.

पहिल्या किकला मी सुरू होऊ शकत होते. झाले नाही. दुसऱ्यालाही नाही. त्याने स्वेटर काढला, घाम पुसला. नवव्या किकला मी असा आवाज केला की शेजारची कुत्री पळाली आणि मिस्त्री पाटावरून टाळ्या वाजवू लागले. कमळबाईंनी मुलाला बाजूला सारले, हँडल धरले आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी त्या स्वार झाल्या.

"आई, मी येऊ मागे? सोबत म्हणून?" दीपेशने विचारले.

"ये की," त्या म्हणाल्या. "पण गेर मला सांगायचे न्हाय."

तर मित्रांनो, जुने काही बिघडले की त्याच्या वयाकडे बोट दाखवू नका. आधी आपण त्याच्या पोटात काय घातले आणि काय घालायचे विसरलो, ते आठवा. आणि आमची काळजी घ्यायचीच असेल, तर चादरीखाली झाकून ठेवू नका, आम्हाला रस्त्यावर काढा. उद्या सकाळीही मी थंडीत उशिराच सुरू होणार आहे. ज्याला घाई असेल त्याने चालत जावे.