पडद्यामागचे चाळीस गुण

खेळाडू निवडायचा तर त्याच्याकडे पाठ करून बसावं, असं कीपरबाईंचं म्हणणं होतं, आणि त्यावर त्यांची देवावर असावी तशी श्रद्धा होती. चौदा वर्षं त्यांनी देशाच्या महिला संघाचं यष्टिरक्षण केलं होतं. त्यापायी उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. आता त्या निवड समितीवर होत्या. यष्टिरक्षक मुलींची चाचणी असली की सराव हॉलमध्ये यष्ट्यांच्या मागे जाड ताडपत्रीचा पडदा लागे आणि पलीकडे, भिंतीकडे तोंड करून, बाई खुर्चीवर बसत. मुलींचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरत. कुठला क्रमांक कुणाचा हे एकट्या प्रशिक्षकाला ठाऊक.

बाई नुसतं ऐकायच्या. चेंडू हातमोज्यात ‘फाट’ करून आपटला तर हात ताठ आहेत. मऊ आवाज करून विसावला तर हात चेंडूबरोबर मागे येताहेत. डोळ्यांचा भरवसा नाही, त्या म्हणायच्या, देखणी उडी दिसली की डोळे लगेच विकले जातात. कानाला रूप दिसत नाही, आडनाव दिसत नाही.

हा पडदा लागण्याआधी समितीत काय चालायचं ते न बोललेलंच बरं. कुणाची मेहुणी, कुणाची पुतणी, कुणाच्या साहेबांची सून. बाईंनी भांडून भांडून पडदा आणला तेव्हा कुठे तोंडं बंद झाली. शंभरातले साठ गुण बाकीच्या चौघांचे, वर्षभराच्या सामन्यांवरून आधीच दिलेले; चाळीस बाईंचे, पडद्यामागचे.

या वर्षी दौऱ्यासाठी राखीव यष्टिरक्षकाची एकच जागा होती आणि चाचणीला तिघी होत्या. त्यातली एक बाईंच्या भावाची मुलगी. नवव्या वर्षापासून बाईंनीच तिला शिकवलेलं. पाण्याने भरलेले फुगे तिच्याकडे फेकायचे आणि ते न फोडता झेलायचे, ही बाईंची शाळा. घरात इतकं पाणी व्हायचं की वहिनी म्हणायची, “तुमची भाची देशासाठी खेळो न खेळो, माझी फरशी मात्र अकरा वर्षं पाण्याखाली आहे.” पोरगी आता वीस वर्षांची झाली होती. गेली दोन वर्षं या चाचणीपर्यंत पोचणंच थोडक्यात हुकलेलं. आणि हा दौरा मोठा होता.

भाचीची चाचणी घ्यायला आत्या कशी, असं एकाने विचारलंही होतं. बाई हसून म्हणाल्या होत्या, “अहो, मधे पडदा आहे ना.”

तर चाचणीचा दिवस उजाडला. बाई खुर्चीवर बसल्या, मांडीवर कागद घेतला. पहिल्या क्रमांकाची मुलगी झाली. हात चांगले, जरा घाईचे. एकतीस. मग दुसऱ्या क्रमांकाची उभी राहिली. पहिला चेंडू आला, दुसरा आला. तिसरा पायांच्या बाजूने निसटता गेला आणि तिने तो घेतला, आणि बाईंच्या हातातलं पेन थांबलं.

असा आवाज या हॉलमध्ये एकाच मुलीच्या हातांचा होता. फुगा हातात यावा आणि फुटू नये, तसा. आईला अंधारातही लेकराची चाहूल लागते, त्याला काही परीक्षा लागत नाही. बाईंना वाटलं, आपण भिंतीकडे बघतोय कशाला? आपल्याला सगळं दिसतंय की.

चेंडू येत राहिले. बाईंनी मन घट्ट करून ऐकलं, उणं शोधलं, सापडलं तेवढं कापलं. छत्तीस लिहिले. तिसरीला तेहतीस. मग कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि घोटभर पाणी प्यायल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीची बैठक भरली. लांब टेबल, पाच खुर्च्या, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो. प्रशिक्षकाने चिठ्ठ्या उघडल्या. दुसरा क्रमांक बाईंच्या भाचीचा निघाला. बेरीज झाली: भाचीला चौघांचे पंचेचाळीस आणि बाईंचे छत्तीस, एकूण एक्याऐंशी. तिसऱ्या मुलीला चौघांचे सत्तेचाळीस आणि बाईंचे तेहतीस, एकूण ऐंशी. पहिली दोन्ही गुणांत मागे राहिली होती. एका गुणाने भाची संघात.

अध्यक्षांचा चेहरा फुलला. त्यांनी बाईंपुढे हात जोडले आणि म्हणाले की याला म्हणतात न्याय, पाठ फिरवून बसल्या तरी हिरा घरातलाच निघाला, आता कोण काय बोलणार. मग त्याच ओघात, चहाचा कप सरकवावा तसा, त्यांनी पंधराव्या खेळाडूचा विषय सरकवला. तिथे त्यांची भाची होती. मध्यमगती गोलंदाजी टाकायची, थोडी फलंदाजी करायची. गुणांच्या यादीत ती पंधरावीच होती, पण सोळावी अगदी तिच्या पाठीला पाठ लावून उभी होती. त्यावर फार चर्चा नको, असं अध्यक्षांचं मत पडलं. आपण सगळी एका घरातली माणसं.

बाईंनी चष्मा काढून पुसला.

“माझे चाळीस खोडा,” त्या म्हणाल्या.

कुणाला काही कळेना. प्रशिक्षकाने विचारलं, कुठले चाळीस?

“यष्टिरक्षकांचे. तिघींचेही. तिसऱ्या चेंडूला मी ओळखलं ती कोण आहे ते. ते हात मी घडवलेत. माझ्यासाठी तो पडदा नव्हताच, मीच मूर्खासारखी समजत होते की आहे.”

अध्यक्षांनी समजूत घातली. म्हणाले, कुणाला कळलंय का? बाई म्हणाल्या, मला कळलंय, तेवढं बास आहे. ते म्हणाले, पोरीचं नुकसान होतंय. बाई म्हणाल्या, होतंय खरं. बोलताना आवाज जरासुद्धा हलला नाही. पायाखाली पक्की जमीन लागल्यावर माणूस बोलतो तसं त्या बोलत होत्या.

प्रशिक्षकाने चाळीस खोडले. सत्तेचाळीस आणि पंचेचाळीस उरले. तिसरी मुलगी संघात गेली. ती एका पोस्टमनची लेक होती, त्या टेबलावर तिचं ओळखीचं कुणीच नव्हतं.

“आता तुमचे,” बाई अध्यक्षांना म्हणाल्या.

“माझे काय?”

“तुमच्या भाचीला तुम्ही दिलेले. तुमच्याकडे तर पडदाही नव्हता, अध्यक्षसाहेब. त्या जागेसाठी सगळ्याच मुलींचे तुमचे गुण बाजूला काढू, म्हणजे कुणावर अन्याय नको.”

इतक्या वर्षांत अध्यक्षांना असं कुणी म्हणालं नव्हतं, कारण म्हणणाऱ्याचंच काही ना काही त्यांच्याकडे अडकलेलं असायचं. बाईंचं जे अडकलेलं होतं ते त्यांनी पाच मिनिटांपूर्वीच सोडून दिलं होतं. उरलेल्या तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकेक करत हात वर केला. नवी बेरीज झाली. अध्यक्षांची भाची पंधरावरून सतरावर गेली.

संध्याकाळी बाई भावाकडे गेल्या. बातमी आधीच पोचली होती. भाऊ दारातून आत सरकला. वहिनी बोलली. म्हणाली, जगाच्या लेकींना न्याय देताना घरच्या लेकीचा बळी द्यायचा, ही कुठली भक्ती? बाईंनी ऐकून घेतलं. वहिनीचा हक्कच होता तो.

भाची पायऱ्यांवर बसली होती. डोळे सुजलेले. तिने एकच विचारलं, “आत्या, खरं सांग. मी चांगली होते का?”

“तिघींत तूच चांगली होतीस, असं मला वाटलं. पण माझं वाटणं तिथे चालत नाही, राणी. आणि चूक तुझी नाही, माझी आहे. मी दोन खुर्च्यांवर एकदम बसले.”

“मग एक सोड.”

“सोडणार आहे. समिती सोडली तर उद्या अध्यक्षांचा मेहुणा माझ्या जागी येईल. म्हणून तुला सोडते.”

पोरगी नाक पुसून म्हणाली, “मला शिकवणार कोण पण?”

इथे बाईंची खरी परीक्षा होती. कारण असे हात घडवू शकेल अशी दुसरी एकच बाई त्यांना माहीत होती: चौदा वर्षं त्यांच्यामागे राखीव यष्टिरक्षक म्हणून बाकावर बसलेली. सगळे तिला राखीव म्हणत आणि तिला ते मुळीच आवडत नसे. ती आता एका शाळेच्या मैदानावर शिकवायची. दोघींत सहा वर्षं बोलणं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई भाचीला घेऊन त्या मैदानावर हजर झाल्या. राखीव जाळी बांधत होती. तिने वळून पाहिलं आणि पुन्हा गाठ मारायला लागली.

“वाट चुकलीस का ग?”

“पोरगी आणलीय. शिकव.”

“तू काय मेलीस, मी शिकवायला?”

“मी मार्क देते,” बाई म्हणाल्या. “दोन्ही नाही करता येत. करून बघितलं.”

राखीवने गाठ सोडून दिली. बैठकीत काय झालं ते तिच्याही कानावर आलं होतं. भाचीचे हात हातात घेऊन तिने उलटसुलट पाहिले, बोटं दाबली, मनगट फिरवलं. “बरेत,” ती म्हणाली. “फार अदबशीर आहेत. आत्यावर गेलेत. जरा उर्मट करावे लागतील.” मग बाईंकडे न बघता म्हणाली, “बस तिथे बाकावर. मी चौदा वर्षं बसले, तू एक तास बस.”

बाईंना हसू आलं, पण त्या बसल्या नाहीत. पिशवी खांद्याला लावली.

“निघते. पुढच्या वर्षी मला परत खुर्चीवर बसायचंय, म्हणून तू हिच्या हातांचं काय केलंस ते मला कळायला नको.”

भाचीने हातमोजे चढवले. राखीवने चेंडू उचलला आणि हात मागे नेऊन, बाई फाटकाबाहेर पडेपर्यंत, तशीच उभी राहिली.