कुडूची विचारपूस

आमच्या जाहिरातीत लिहिलंय, 'त्यांच्यासाठी शिकार, तिच्यासाठी सुट्टी.' हे वाक्य माझ्या नवऱ्याचं, टर्शिअसचं. आयुष्यात त्याने रचलेलं हे एकच वाक्य, त्यामुळे त्याचं त्याला फार कौतुक. त्यातली शिकार तो बघतो. सुट्टी म्हणजे मी, हेस्टर.

परदेशातून नवरे बंदुकीच्या लांब पेट्या घेऊन येतात आणि त्यांच्या मागून बायका टोप्या सावरत उतरतात. पहाटे नवरे टर्शिअसबरोबर रानात गेले की बायका माझ्या पदरात. उशिरा न्याहारी, मग दुर्बिणीतून थोडे पक्षी, आणि दुपारी आफ्रिकेतल्या आमच्या ओमारुरू गावातलं रंगीत दगडांचं दुकान. दुकान एकच आहे, म्हणून मी त्यांना तिथे रोज वेगळ्या रस्त्याने नेते. बायका दगड विकत घेतात. कुणाच्या बॅगेत किती दगड भरले यावरून तिचा संसार कसा चाललाय हे मला आता न विचारता कळतं.

रोझविताने एकही दगड घेतला नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

ती आणि तिचा नवरा एकहार्ट उत्तर जर्मनीतले. त्याचा नळाच्या तोट्यांचा कारखाना, तो मुलाच्या गळ्यात घालून गडी मोकळा झालेला. ती शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून ही सहल. आठवडाभर शिकार आणि शेवटचे तीन दिवस स्वाकोपमुंडला समुद्रावर, दोघांनीच. 'आमचा दुसरा मधुचंद्र' असं एकहार्टने विमानतळावर माझा हात दाबत सांगितलं आणि टर्शिअसशेजारी पुढच्या सीटवर बसून काडतुसांबद्दल बोलायला लागला. मागे आम्ही दोघी आणि मध्ये बंदुकीची पेटी. पेटीला पट्टा बांधलेला होता, आम्हाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पडवीत कॉफीत टोस्ट बुडवत असताना रोझविता म्हणाली, "हेस्टर, आजपासून मला 'तू' म्हण." जर्मन माणूस एवढ्या लवकर 'तू'वर आला की समजावं, त्याला काहीतरी बोलायचंय.

"मी एकहार्टची परीक्षा घेतेय," ती म्हणाली. "त्याला माहीत नाही."

"कसली परीक्षा?"

"इथून परतायच्या आत त्याने मला माझ्याबद्दल काहीतरी विचारायचं. एकच प्रश्न. नाही विचारला, तर विमानतळावरून तो घरी जाईल आणि मी बहिणीकडे. तिने माझ्यासाठी वरची खोली रंगवून ठेवलीय."

मी हसले. ती हसली नाही.

मार्च महिन्यात तिच्या छातीत गाठ निघाली होती. ती कापून काढली तेव्हा एकहार्ट हंगेरीत रानडुकरांच्या मागे. गाठ साधी निघाली, देवाची कृपा. पण ते कळेपर्यंतचे दिवस तिने एकटीने काढले.

"त्याला सांगितलं नव्हतंस?"

"फोनवर सांगितलं ना. म्हटलं, दवाखान्यात जायचंय, मला भीती वाटतेय. तो म्हणाला, 'बरं बरं, इथे रेंज जातेय.' परत आला, बॅग खाली ठेवली आणि विचारलं, 'कुत्र्याला वेळेवर खायला घातलंस ना?'"

"मग तू काय म्हणालीस?"

"घातलं म्हणाले. शेजारीण घालत होती." तिने टोस्ट कॉफीत तसाच सोडून दिला. "तो वाईट नाही गं. त्याच्या लक्षातच येत नाही की मी पण कुठेतरी असते."

त्याला काही सांगायचं नाही असं तिने माझ्याकडून वचन घेतलं. मी वचन पाळते. फक्त गप्प बसणं मला जमत नाही. त्याच संध्याकाळी मी टर्शिअसला कोपऱ्यात गाठलं.

"उद्या रानात त्याच्या कानावर घाल. बायकोची जरा विचारपूस कर म्हणावं."

"शिकारीला आलेल्या माणसाला बायकोची आठवण करून द्यायची?" टर्शिअस म्हणाला. "हेस्टर, धंदा बुडवायचाय का?"

मग मीच कामाला लागले. जेवणाच्या वेळी शेकोटीजवळ मी एकहार्टला म्हटलं, "रोझविता आज दिवसभर काय करत होती, विचारा तरी."

"हो, खरंच की." एकहार्टने काटा खाली ठेवला आणि बायकोकडे वळला. "रोझविता, दुपारी तुम्ही गाडीतून येताना कुडू दिसले म्हणे. कुठल्या दिशेला गेले?"

"उत्तरेला," रोझविता म्हणाली.

"वारा कसा होता?"

"तोंडावर."

"शाबास," एकहार्ट म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

नंतर भांडी आवरताना मी तिच्याशी भांडले. म्हटलं, दोन प्रश्न झाले, पास कर बाई त्याला. ती म्हणाली, ते प्रश्न कुडूचे होते. मी म्हटलं, वारा तर तुझ्या तोंडावर होता ना? तिने बाईंच्या नजरेने माझ्याकडे बघितलं. भूगोलाच्या तासाला तिच्यापुढे कुणाची टाप नसणार.

पुढचे दिवस मी वकिलासारखी हिंडले. एकहार्टने तिला चष्मा कुठे आहे विचारलं, मोज्यांची जोडी विचारली, रक्तदाबाची गोळी विचारली. गोळीवर मी फार आशा ठेवली होती, पण गोळी त्याची होती. मी त्याच्यासमोर तिच्या हातच्या भरतकामाची तारीफ केली. तो म्हणाला, 'हो, आमच्याकडे उशा पुष्कळ आहेत.'

आणि या माणसाला काही कळत नाही म्हणावं, तर तसंही नाही. कुडू हा विषय निघाला की त्याचा चेहरा उजळायचा. आमचा कुडू म्हणजे घोड्याएवढं राखाडी जनावर, डोक्यावर पिळदार शिंगं, आणि झाडीत उभं राहिलं तर समोर असून दिसत नाही. एकहार्ट शिंगांच्या पिळावरून त्याचं वय सांगायचा, खुरांच्या ठशावरून तब्येत सांगायचा.

"म्हातारा नर कळपात राहत नाही," एका रात्री जेवताना तो गंभीरपणे म्हणाला. "माद्यांपासून दूर, एकटा राहतो. कमी ऐकू येतं. एकाच वाटेने जातो, एकाच झाडाखाली बसतो."

"तुमच्या दोघांची ओळख करून द्यायला हवी," रोझविता म्हणाली.

टर्शिअसला ठसका लागला. एकहार्ट मान हलवत म्हणाला, "तेच तर करतोय इतके दिवस. भेटतच नाही तो."

आणि खरंच भेटत नव्हता. आठवडा संपला, आणि समुद्रावर निघायच्या सकाळी एकहार्ट शिकारीचे बूट घालून न्याहारीला आला. टर्शिअसला आदल्या संध्याकाळी लंगड्या म्हाताऱ्या नराचा माग लागला होता.

"आजचा एक दिवस," एकहार्ट बायकोला म्हणाला. "समुद्र काय पळून जातोय?"

दुसऱ्या दिवशीही समुद्र पळून गेला नाही. तिसऱ्या दिवशी, म्हणजे त्यांचं विमान उद्यावर आलेलं असताना, रोझविता पडवीत उन्हाला बसून राहिली. बॅग भरलेली होती. मी तिला दगडांच्या दुकानाचं विचारलंसुद्धा नाही. मला एकहार्टचा राग आला होता आणि त्याहून जास्त टर्शिअसच्या त्या जाहिरातीचा.

नऊच्या सुमाराला वायरलेसवर टर्शिअसचा आवाज आला. "पडला. मोठा आहे. फोटोला वहिनींना घेऊन ये."

ही आमच्याकडची पद्धतच आहे. नवऱ्याने जनावर पाडलं की बायकोला फोटोसाठी न्यायचं, म्हणजे घरी भिंतीवर लावताना 'आम्ही दोघं आफ्रिकेत' म्हणता येतं. रोझविताने स्वेटर घातला, केस नीट केले. "आता तरी मोकळा होईल तो," ती गाडीत म्हणाली. "अजून एक रात्र आहे. समुद्र बघून परत येता येईल." तिच्या आवाजात आशा होती, आणि ती ऐकून मलाच कसंतरी झालं.

आम्ही पोचलो तेव्हा टर्शिअस ओठांवर बोट ठेवून उभा. बाभळीच्या सावलीत कुडू पडला होता, आणि त्याच्याजवळ जमिनीवर, टोपी काढून, एकहार्ट बसला होता. जर्मन शिकाऱ्यांची ही जुनी रीत. मेलेल्या जनावराच्या तोंडात हिरवी डहाळी द्यायची, शेवटचा घास म्हणून, आणि मग त्याच्याशेजारी गप्प बसून राहायचं, मयताजवळ बसतात तसं. आमच्यात असलं काही नाही, आम्ही सरळ सोलायला घेतो. पण गिऱ्हाईक बसलं की टर्शिअसही टोपी काढतो.

आम्ही दोघी चार पावलांवर थांबलो. एकहार्टचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. कुडूच्या मागच्या पायाला जुन्या जखमेचा व्रण होता, केस न उगवलेला, आत हाड वेडंवाकडं जुळलेलं. एकहार्ट त्यावरून हळूच अंगठा फिरवत होता.

"हे कधी झालं रे तुला?" तो कुडूला म्हणाला.

इतका मऊ आवाज मी त्याचा ऐकला नव्हता.

"किती दुखलं असेल. एकट्याने काढलंस का सगळं? तेव्हा कुणी होतं का जवळ?"

मी रोझविताकडे बघायला धजले नाही. बघितलं तेव्हा तिचा हात स्वेटरवर, छातीच्या डाव्या बाजूला होता. ती रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मला त्या माणसाला टोपीने झोडपावंसं वाटलं.

मग एकहार्ट उठला, गुडघे झटकले, डोळे पुसले आणि बायको दिसताच खुलून हसला. "बघितलंस? आता फोटो."

फोटोचं टर्शिअसचं शास्त्र ठरलेलं आहे. जिभेवरचं रक्त पुसायचं, शिंगं आकाशापुढे येतील अशी मान धरायची, आणि माणसांना जनावराच्या बऱ्याच मागे बसवायचं. माणूस जितका मागे, तितकं जनावर मोठं दिसतं. जगभरच्या दिवाणखान्यांत आमचे कुडू हत्तीएवढे झालेत ते यामुळे.

एकहार्टने शिंगं धरली. रोझविता त्याच्या शेजारी उभी राहिली.

"वहिनी, थोड्या मागे," टर्शिअस कॅमेऱ्यातून म्हणाला.

ती मागे सरकली.

"अजून थोडं."

"अजून, रोझविता," एकहार्ट समोर बघतच म्हणाला. "तुझ्या डोक्यामुळे शिंगाचं टोक झाकलं जातंय."

ती आणखी मागे गेली. टर्शिअस म्हणाला, "अजून." ती गेली. काटेरी झुडपांपर्यंत गेली, झुडपांच्या पलीकडे गेली, मग वळली आणि सावकाश, कुणाची घाई नसल्यासारखी, माझ्या गाडीकडे चालत आली. मी तोवर गाडीत जाऊन बसले होते. का ते मला विचारू नका, पाय आपोआप गेले.

ती दार उघडून आत बसली. "समुद्र किती लांब आहे?"

"दुपारच्या जेवणापर्यंत पोचू."

"माझी बॅग तुझ्या घरी आहे."

"तिथे दुकानं आहेत. नुसत्या दगडांची नाहीत."

मी गाडी सुरू केली तेव्हा कुठे एकहार्टने शिंगं सोडून मागे बघितलं. "रोझविता? कुठे चाललीस?"

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं.

"विचारलं," मी म्हटलं. "तुझ्याबद्दल विचारलं. हा कुडूचा नाही, मी कोर्टात सांगेन."

"विचारलं खरं." तिने दोन्ही हात मांडीवर घट्ट धरले होते. "आता उत्तर ऐकायला येतो का बघू. तू हळू घे."

मी पहिल्या गिअरमध्ये गाडी हाकली, बैलगाडीसारखी. आरशात एकहार्ट दिसत होता. तो निघाला होता. धावत होता, त्या वयात, त्या बुटांत, आणि मी मनातल्या मनात त्याला पळ बाबा, पळ म्हणत होते. तेवढ्यात मागून टर्शिअस ओरडला, "एकहार्ट, ऊन चढतंय. आता सोललं नाही तर केस गळतील, कातडं जाईल हातचं."

एकहार्ट थांबला. आमच्या गाडीकडे बघितलं. कुडूकडे बघितलं. पुन्हा आमच्याकडे बघितलं. मग त्याने टोपी डोक्यावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि मागे वळला.

रोझविताने मान वळवली नव्हती. ती समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत होती.

"येतोय का?" तिने विचारलं.

पाहुण्यांशी मी कधी खोटं बोलत नाही, दगडांच्या किमती सोडल्या तर.

"धूळ फार आहे गं," मी म्हटलं. "काही दिसत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि थोड्या वेळाने तिने तिच्या बाजूची काच वर केली. मी दुसरा गिअर टाकला.