बंद पाठीचे हेडफोन आणि भोंगाबाई

पार्सलवाल्याचं बोट बेलपर्यंत पोचायच्या आतच भोंगाबाईंनी दार उघडलं. अर्ध्या तासापासून त्या दाराला कान लावून उभ्या होत्या; लिफ्टचा जरा आवाज झाला की कडीवर हात. त्यांनी सही ठोकली, खोकं छातीशी धरलं आणि जिन्यात येऊन वर तोंड करून हाक मारली, "मिरे! आले गं आले!"

मिरी म्हणजे त्यांची भाची, वरच्या मजल्यावर राहणारी. पण हाक गच्चीपर्यंत गेली आणि तिथे कपडे वाळत घालणाऱ्या माणसानं खाली वाकून विचारलं, "कोण आलं हो?" बाईंच्या आवाजाचं हे असंच होतं. उगाच नाही त्यांना भोंगाबाई म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी घाऊक बाजाराच्या लाउडस्पीकरवरून घोषणा केल्या होत्या. गाळा नंबर बेचाळीस, टेम्पो हलवा. हिरव्या गाडीचे मालक, तुमचे दिवे चालू राहिलेत. लांबच लांब पत्र्याची शेड, या टोकाला बाईंची काचेची खोली आणि त्या टोकाला भिंत. मग गेल्या वर्षी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज जायला लागले. बाईंचा माइक कुणीतरी खोक्यात भरला आणि बाई घरी आल्या.

घरी बसायचं त्यांना वाईट वाटलं नाही, खुपलं ते वेगळंच. एकदा त्या आपल्या थोरल्या भावाला, म्हणजे मिरीच्या बापाला म्हणाल्याही, "दादा, एकतीस वर्षं मी बोलले आणि माझं ऐकून जो तो पळाला. कुणी गाडी हलवायला, कुणी दिवे बंद करायला. माझं ऐकत बसावं म्हणून एक माणूस कधी थांबला नाही रे."

दादा सुतार. माणूस मितभाषी. "हं," म्हणाला, आणि चहाचा कप उचलून पीत बसला.

म्हणून तर ऐकायची पुस्तकं काढणाऱ्या कंपनीची जाहिरात दिसली तेव्हा बाईंनी मागचापुढचा विचार न करता फोनवर आवाज भरून पाठवला. बारा रहस्यकथांची मालिका होती. नायिका कोण, तर म्हातारी कुलूपवाली. गावातली सगळी कुलपं आणि सगळी लफडी तीच उघडते. कंपनीला पिकल्या वयाचा आवाज हवा होता. दोनशे जणींतून दहा निवडल्या, दहांतून दोन, आणि त्या दोघींत भोंगाबाई! आता पहिलं प्रकरण घरीच नीट रेकॉर्ड करून शनिवारी दुपारी बाराच्या आत पाठवायचं होतं. बाराच्या पुढे एक मिनिट झालं तरी चालणार नव्हतं. आणि कागदावर एक अट ठळक अक्षरांत: हेडफोन बंद पाठीचेच वापरावेत.

"पण वाचायला डोळे लागतात, कान कशाला?" बाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

मिरी जाहिरातींच्या स्टुडिओत आवाज जोडायचं काम करते. मिरीच्या दाण्याएवढी आणि तितकीच तिखट, म्हणून मिरी. ती म्हणाली, "चुकलीस की आपण मागे जातो, आत्या. आधीचं वाक्य तुझ्या कानात वाजतं, ते ऐकत ऐकत तू त्याच सुरात पुढचं वाक्य उचलायचं. पण हेडफोनची पाठ उघडी असली तर कानातलं वाक्य बाहेर सांडतं आणि माइक तेही उचलतो. मग नव्या वाक्याखाली जुनं भुतासारखं बोलत राहतं."

असं ते गुरुवारी आलेलं खोकं. उघडलं तर आत काळे, सुबक, मिटले की मुठीत मावतील असे हेडफोन. बाई हरखून गेल्या. दहा वेळा मिटले, दहा वेळा उघडले, पर्समध्ये घालून बघितले, काढले. "काय गं गोजिरे आहेत! सगळी जादू यात?" डोक्याला लावले मात्र, पंखा गेला, फ्रिज गेला, शेजारचं भिंतीला भोक पाडणंही बरंचसं गेलं. बाईंचे डोळे चमकले.

शुक्रवारी सकाळी तालीम. जागा म्हणजे बाईंचं कपड्यांचं कपाट. मिरीनं खालचा कप्पा काढला, आत स्टूल ठेवलं, तीन बाजूंनी गोधड्या टांगल्या आणि आत्याला त्यात बसवलं. दादानं ते बघितलं, "कपाट माझ्या हातचं आहे, आत बसायला केलेलं नाही," म्हणाला आणि निघून गेला.

बाईंनी वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच ओळीला हेडफोन ओढून काढले. "अगं, हे काय? हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखं वाटतंय! माझाच आवाज माझ्या डोक्यात घुमतोय."

"कान बंद झाले की असंच होतं. चालू ठेव."

बाईंनी चालू ठेवलं खरं, पण आतल्या आत घुमणाऱ्या आवाजाला घाबरून त्या इतक्या हळू वाचायला लागल्या की कुलूपवाली आजारी आहे की काय असं वाटावं. शिवाय प्रत्येक पूर्णविरामाला मान हलवायची त्यांची सवय, आणि मान हलली की हेडफोनची घडीची बिजागरी कुर्र करायची. रेकॉर्डिंगमध्ये दर वाक्याला एक कुर्र! कान तापले, घाम सुटला. चष्म्याच्या काड्यांमुळे गाद्या कानाला नीट टेकेनात आणि त्या फटीतून आवाज सांडायला लागला तो वेगळाच.

मिरीनं बापाचा खडू आणला आणि कपाटाच्या दारावर मधोमध रेघ ओढली. एका बाजूला चांगलं, एका बाजूला वाईट. चांगल्यात पहिलं लिहिलं, बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. बाई म्हणाल्या, पर्समध्ये मावतात, तेही लिही. लिहिलं. मग वाईटाची बाजू भरायला घेतली तर खडू झिजला! हंडा, घाम, चष्मा, कुर्र, आणि दोन तासांनी डोकं अडकित्त्यात सापडल्यासारखं होतं हे तर बाईंनी स्वतःच्या हातानं लिहिलं.

"तुझे ते मोठे दे ना जाळीचे," बाई म्हणाल्या.

मिरीकडे स्टुडिओतले उघड्या पाठीचे हेडफोन होते, पाठीला जाळी असलेले. बाईंनी ते चढवले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. काय मोकळं! खिडकीत बसल्यासारखं. पंखा ऐकू येतोय, खोली ऐकू येतेय, आपला आवाज आपल्यासारखा वाटतोय. सलग सव्वा तास वाचलं, सतरा ठिकाणी चुकल्या, सतरा वेळा सुधारलं, आणि कपाटातून बाहेर आल्या त्या नाचतच. "झालं! मी म्हणत नव्हते? ते काळे परत करून टाक."

मिरीनं ऐकून बघितलं आणि मान हलवली. सतरा दुरुस्त्या, सतरा भुतं. प्रत्येक ठिकाणी नव्या वाक्याखाली जुनं वाक्य कुजबुजत होतं.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. चांगलं वाचता येतं ते चालत नाही आणि चालतं त्यात वाचता येत नाही! "या काळ्यांनीच माझा घात केला," त्या म्हणाल्या. "यांच्यात आवाज परतच येत नाही. मी बोलते आणि मग काहीच होत नाही."

"परत येत नाही म्हणजे?" मिरीनं विचारलं.

"म्हणजे काय, परत येत नाही!" बाई चिडल्या आणि जेवायला उठल्या. पण मिरीच्या डोक्यातून ते वाक्य जाईना.

शनिवारी सकाळी साडेनऊला ती खाली आली आणि तिनं काळे हेडफोन आत्याच्या कानांवर चढवले. "वाचू नकोस. फक्त ऐक. कालचं तुझंच वाचन आहे, जाळी लावून केलेलं, तुला फार आवडलेलं."

बाई ऐकायला लागल्या. आधी गालात हसल्या, मग हसू गेलं. कानाच्या अगदी आत, जिथे कुणी शिरत नाही तिथे, एक बाई उभी राहून ठणाणा करत होती. कुलूपवालीनं किल्ली फिरवली. मग शांतता, लांबलचक. दार उघडलं. मग पुन्हा शांतता.

"ही कुणावर ओरडतेय गं?" बाईंनी दचकून विचारलं.

"तूच सांग."

बाईंनी आणखी दोन वाक्यं ऐकली. मग एकदम त्यांनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! शेडच्या त्या टोकाच्या भिंतीवर!" बाजारात त्या एक वाक्य बोलायच्या, ते भिंतीवर आपटून परत यायचं, ते विरलं की दुसरं. नाही थांबलं तर दोन वाक्यं एकमेकांत अडकायची आणि टेम्पोऐवजी भलतंच कुणीतरी हलायचं. एकतीस वर्षं हे चाललं होतं. जाळीच्या हेडफोनमध्ये खोलीचा जरा तरी आवाज परत यायचा, म्हणून बरं वाटायचं. काळ्यांत काहीच परत येत नव्हतं, म्हणून त्या वाट बघत बसायच्या. "म्हणजे खोट यांच्यात नाही. मी भिंतीची वाट बघतेय!"

"आणि भिंत नाहीच आहे, आत्या. लोक पुस्तकं कशानं ऐकतात? असल्याच घडीच्या, बंद पाठीच्या हेडफोननं. रांगेत उभे असतील, भांडी घासत असतील. तुझा ऐकणारा इथे आहे." मिरीनं हेडफोनच्या गादीवर टिचकी मारली. "इतका जवळ."

बाईंनी त्या गादीवर हात ठेवला. इतक्या जवळ त्या आयुष्यात कुणाशी बोलल्या नव्हत्या. "घड्याळात किती वाजले?" त्यांनी विचारलं. दहाला दहा कमी होती. "चल!"

मग जी धावपळ उडाली ती काय सांगावी! हंड्यासारख्या घुमण्यावरचा उपाय मिरीनं काढला: डावा कान उघडा ठेवायचा, उजवाच झाकायचा, आणि वाजणारं वाक्यही उजव्यातच सोडायचं, म्हणजे डाव्यातून सांडायला काही उरणारच नाही. चष्मा काढून टाकला आणि टॅबलेटवर अक्षरं एवढाली केली की एका वेळी चारच ओळी दिसाव्यात. राहिली कुर्र करणारी बिजागरी. मिरीनं जिन्यातून "बाबा!" अशी हाक मारली, तीही आत्याच्या तोडीची, आणि दादा हातात मेणाचा तुकडा घेऊनच उतरला.

"ड्रॉवर अडकला की हेच लावतो," तो म्हणाला. बिजागरीला दोन्हीकडून मेण चोळलं, चार वेळा उघडमीट केली, कानाशी नेऊन ऐकलं. आवाज गेला होता. मग तो स्वतःहून जिन्यात जाऊन बसला, कुणी वरखाली करायला लागलं की ओठांवर बोट ठेवायला.

बाई कपाटात शिरल्या. पहिलं वाक्य वाचलं आणि सवयीनं थांबल्या. उजव्या कानात काही परत आलं नाही. नाहीच येणार, त्यांनी स्वतःला बजावलं, ऐकणारा आत बसलाय, त्यानं ऐकलंय, आता पुढे सांग. आणि त्या पुढे सांगायला लागल्या. आवाज खाली आला, पण आजारी नव्हता. कुलूपवाली खाकरली, कुरकुरली, किल्ल्यांचा जुडगा पारखायला लागली. मिरी बाहेर स्क्रीनसमोर मुठी आवळून बसली होती आणि प्रत्येक पानाला तिच्या अंगात आणखी वीज खेळत होती. अकरा चुका झाल्या. अकरा वेळा मागे गेल्या, अकरा वेळा तोच सूर पकडला. एकही भूत नाही!

शेवटचं वाक्य संपलं तेव्हा अकरा वाजून सदतीस मिनिटं झाली होती. मिरीची बोटं कीबोर्डवर सटासट चालली. अकरा एकावन्नला फाइल निघाली. नव्वद टक्के झाली आणि अडकली. बाईंनी मिरीचा खांदा इतका दाबला की ती ओरडली. दादा आत येऊन उभा राहिला. ब्याण्णव. शहाण्णव. अकरा अठ्ठावन्नला "मिळाली" असं उत्तर आलं आणि तिघांनीही एकदम आरडाओरडा केला. गच्चीवरच्या माणसानं पुन्हा विचारलं असेल, पण ऐकायला कुणाला वेळ होता!

निकालाचा फोन चारला यायचा होता. चार वाजले, साडेचार वाजले. बाईंनी फोन चार्जिंगला लावला, काढला, पुन्हा लावला. पाच वाजता त्या म्हणाल्या, "दुसरीला दिलं असणार. आधी तिला कळवत असतील." मिरीनं "नाही गं आत्या" म्हटलं, पण तिचंही तोंड एवढंसं झालं होतं. दादानं तिसऱ्यांदा चहा टाकला.

सव्वापाचला फोन वाजला. मिरीनं स्पीकर चालू केला. पलीकडे कंपनीच्या संपादकबाई होत्या, धापा टाकत होत्या आणि मागून गाड्यांचे आवाज येत होते.

"उशीर झाला, माफ करा हं," त्या म्हणाल्या. "काय झालं, मी बसमध्ये कानाला लावून तुमचं प्रकरण ऐकायला घेतलं. म्हटलं, पाच मिनिटं ऐकू, अंदाज येईल, मग बंद करू. आणि माझा स्टॉप गेला! मान वर करून बघते तर शेवटचा स्टॉप, बस रिकामी, आणि ड्रायव्हर विचारतोय, बाई, उतरायचंय की नाही? परतीची बस लवकर मिळेना, आता चालत निघालेय. बाराही पुस्तकं तुमचीच. पुढचं प्रकरण कधी देता?"

मिरी किंचाळली. दादाच्या हातातला चहा हिंदकळला. पण भोंगाबाई, ज्यांच्या एका हाकेवर गाळा नंबर एक ते एकशे ऐंशी हलायचे, त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. डोळे घळाघळा वाहत होते आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

"हॅलो?" संपादकबाई म्हणाल्या. "ऐकू येतंय ना?"

"येतंय," बाई कशाबशा म्हणाल्या. "म्हणजे तुम्ही उतरलाच नाहीत?"

"अहो, उतरणार कशी? ती कुलूपवाली दाराशी उभी होती ना!"