सासऱ्यांसाठी रीळ

थोरल्या जावयाचं चष्म्यांचं दुकान होतं. साडूचा राग यावा असं त्याच्याकडे काही कारण नव्हतं, आणि म्हणूनच तो राग जातही नव्हता. धाकटा जावई शाळेत पोहायला शिकवायचा. उंचापुरा, हसतमुख, कुणाच्या अध्यात ना मध्यात. भांडायचं तर कशावरून?

पण सासरे त्याला अरे-तुरे करायचे. थोरल्याच्या लग्नाला इतकी वर्षं झाली तरी त्याला 'तुम्ही', आणि हा घरात येऊन वर्ष होत नाही तोच 'अरे, ती खुर्ची ओढ जरा'.

"तुला मान देतात," थोरल्याची बायको म्हणायची.

मान काय चाटायचाय, हे त्याच्या ओठांवर यायचं. पण तो मूग गिळून बसायचा.

खरं दुखणं नदीचं होतं. सासऱ्यांनी आयुष्यभर नकाशे काढले. पट्टी न लावता सरळ रेघ ओढणारा माणूस म्हणून कचेरीत त्यांची ख्याती. निवृत्त झाल्यावर त्यांना एकच नाद उरला, डोंगरातल्या गार नदीत उभं राहून ट्राउट मासे पकडायचा. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाच्या काठीच्या झटक्यानं पाण्यावर अलगद टाकायची, मासा फसला की जवळ आणायचा, डोळे भरून बघायचा आणि सोडून द्यायचा. थोरल्याला हा नाद त्यांनीच लावला. रविवारी दोघंच जायचे. दिवसभरात चार वाक्यं बोलली तर बोलली. थोरल्याचे वडील तो लहान असतानाच गेले होते. सासऱ्यांशेजारी असं न बोलता उभं राहण्यात आपलं काहीतरी आहे, असं त्याला वाटायचं.

मग लग्न होऊन साडू आला. नवे कोरे गमबूट घालून तोही नदीवर यायला लागला, आणि आला तसा बोलायलाच लागला. मासे पळतील म्हणून सासरे त्याला गप्प करतील, अशी थोरल्याला खात्री होती. सासरे हसत होते. पाण्यात उभे राहून, खांदे हलवत.

एका रविवारी थोरला तापानं पडला आणि ते दोघंच गेले. संध्याकाळी कळलं की सासऱ्यांना आजवरचा सगळ्यात मोठा ट्राउट लागला होता, आणि निसटलाही.

"रीळ ऐन वेळी अडकलं," सासरे एवढंच म्हणाले.

दोरी गुंडाळायचं ते रीळ काठीइतकंच जुनं होतं. मेव्हणीनं लगेच ठरवून टाकलं, दोन्ही जावयांनी मिळून बाबांना नवं रीळ घ्यायचं. चांगलं, टिकाऊ.

थोरल्यानं ते फारच मनावर घेतलं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो रिळांविषयी वाचत बसायचा. ओतीव धातूचं पडलं की तडकतं. अॅल्युमिनियमच्या अख्ख्या ठोकळ्यातून कोरून काढलेलं टिकतं. मासा दोरी ओढत पळाला की तिला आवर घालणारा ब्रेक बंदिस्त हवा, म्हणजे आत वाळू जात नाही. असं रीळ तीस वर्षं चालतं. सासरे पंच्याहत्तरीच्या पुढचे. तीस वर्षं चालणारं रीळ पुढे कुणाकडे जाईल, असा एक विचार त्याच्या मनात डोकावून गेला. त्याला स्वतःचीच लाज वाटली, पण विचार काही गेला नाही. साडूच्या हातात ते रीळ त्याला आत्तापासूनच दिसायला लागलं होतं.

शनिवारी दोघं दुकानात गेले. काठ्या छतापर्यंत उभ्या, काचेच्या कपाटात रिळं मांडलेली. दुकानाच्या मालकीणबाई स्वतः मासेमारी करणाऱ्या, उन्हानं रापलेल्या. वजनाचा अंदाज यावा म्हणून थोरल्यानं जुनं रीळ दोरीसकट बरोबर आणलं होतं. त्यानं आपलं सगळं ज्ञान पाजळलं. बाई शांतपणे ऐकत होत्या.

"बरोबर आहे सगळं," त्या म्हणाल्या. "फक्त ब्रेक जोरदार आहे की नाही ते बघू नका. ट्राउटसाठी तो हलकेच सुटायला हवा. पहिल्या हिसक्यालाच अडला तर पुढची बारीक नायलॉनची तार तुटते."

साडूनं इतका वेळ तोंड उघडलं नव्हतं. आता त्यानं विचारलं, "मूठ जरा मोठी असलेलं आहे का? बोटांत नीट धरता येईल असं?"

"मुठीचं काय एवढं?" थोरला म्हणाला. "ती नंतरही बदलता येते."

"असू दे ना, दादा. मोठी बरी."

बाईंनी तेवढ्यात जुनं रीळ उघडलं होतं. आतली स्प्रिंग दाबून पाहिली, दोरी भराभर ओढली, मग हळू ओढली. रीळ टिकटिक करत सुरळीत फिरलं.

"हे कुठे अडकतंय?" त्यांनी विचारलं. "आणखी दहा वर्षं चालेल हे."

दोरीचं टोक काउंटरवर पडलं होतं. जिथं माशी बांधतात, तिथली पारदर्शक तार डुकराच्या शेपटीसारखी पीळ पडून वळली होती. थोरल्यानं ती उचलून उजेडात धरली. तार तुटली की टोक सरळ राहतं. असा पीळ पडतो तो गाठ सरकून सुटली तरच. सासऱ्यांची गाठ त्यानं आजवर कधी सुटलेली पाहिली नव्हती.

बाई मोठ्या मुठीची रिळं आणायला आत गेल्या. थोरल्यानं साडूकडे पाहिलं. त्याचा चेहरा पडला होता.

"गाठ मी बांधली होती," साडू म्हणाला.

"तू? का?"

"बाबांचा हात थरथरतो. उजवा. हिवाळ्यापासून. बारीक काम जमत नाही त्यांना. तुम्ही वरच्या डोहाकडे गेलात की मी बांधून द्यायचो. मासा गेल्यावर मी रडकुंडीला आलो, तर म्हणाले, रीळ अडकलं असं सांगू. दोष कुणाच्या माथी नको."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगू नको म्हणाले होते."

थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. मासा गेला याचं त्याला काहीच नव्हतं. हा पोहणं शिकवणारा, ज्याला साधी गाठ येत नाही, त्याच्यापाशी सासऱ्यांनी आपलं दुखणं उघडं केलं होतं. आणि त्याला पाठीशी घालायला ते खोटंही बोलले होते. आपल्यासाठी ते कधी खोटं बोलले होते का? दिवसभर लोकांचे डोळे तपासणाऱ्या आपल्याला शेजारच्या माणसाचा थरथरता हात दिसला नाही, हे तर त्याहून झोंबत होतं.

बाईंनी तीन रिळं समोर ठेवली. थोरल्यानं डोळे मिटून, एका हातानं, मुद्दाम बोटं ढिली ठेवून प्रत्येकाची मूठ फिरवली. मधलं घेतलं. ठोकळ्यातून कोरलेलं, बंद ब्रेकचं, जाडसर लाकडी मुठीचं. साडूनं पाकीट काढलं तेव्हा तो म्हणाला, "राहू दे. हे माझ्याकडून." तो पोरकटपणा होता हे त्याला कळत होतं. तरी त्यानं तसंच केलं.

तिथून तो एकटाच सासऱ्यांकडे गेला. सासरे स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. समोर चहाचा कप अर्धाच भरलेला. पूर्वी ते काठोकाठ भरून घ्यायचे. थोरल्यानं रीळ त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी मूठ धरली, फिरवली.

"छान बसते हो हातात," ते म्हणाले. मग त्याच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी रीळ खाली ठेवलं. "बोलला वाटतं तो."

"मला का नाही सांगितलंत?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर त्याच आठवड्यात तुम्ही मला डॉक्टरकडे नेलं असतं. नदीत उतरू दिलं नसतं. काठावर खुर्ची टाकून बसवलं असतं, पायावर शाल घालून. नाही म्हणा."

थोरल्यानं अगदी तेच केलं असतं.

"तो पोरगा बेफिकीर आहे," सासरे म्हणाले. "त्याला सांगणं सोपं होतं. तुम्हाला माझी काळजी वाटते, त्याचंच भय वाटतं मला."

यावर खूश व्हावं की रडावं, हे थोरल्याला कळेना. आपल्या वाट्याला काळजी आली आणि साडूच्या वाट्याला गुपित, ही वाटणी त्याला मुळीच पटली नाही.

"डॉक्टरकडे जायचं," तो म्हणाला. "पण नदीवरही जायचं. पाणी गुडघ्यापर्यंत असेल तिथेच. आणि माशी मी बांधणार."

"मंजूर," सासरे म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "त्याला रागावू नका. गाठ वाईट बांधतो, पण मनापासून बांधतो."

पुढच्या रविवारी तिघं गेले. उथळ पाण्यात सासऱ्यांनी काठी थोरल्याकडे दिली आणि तार पुढे केली. त्यांचा हात थरथरत होता आणि त्यांनी तो लपवला नाही. थोरल्यानं तार माशीच्या कडीतून ओवली, पाच वेढे दिले, टोक मागे घेतलं, गाठ तोंडातल्या ओलाव्यानं भिजवून घट्ट आवळली. शेजारी साडू डोळे ताणून बघत होता. त्याचा नेहमीचा बडबड्या चेहरा गप्प होता, आणि त्यावर थोरल्याला काहीतरी फार ओळखीचं दिसलं, बाजूला पडल्याचं. त्याला वाईट वाटलं. पण बरं जास्त वाटलं.

दुपारच्या आत सासऱ्यांना एक मध्यम ट्राउट लागला. रीळ हलकेच सुटलं, मासा पळाला, थांबला, पुन्हा पळाला. सासरे जाड मूठ धरून सावकाश दोरी गुंडाळत राहिले. साडू जाळी घेऊन पुढे धावला आणि घसरून कमरेइतका भिजला. सासरे हसले, खांदे हलवून. थोरलाही हसला, जरा उशिरानं.

मासा सोडून दिल्यावर साडू कपडे पिळत त्याच्याजवळ आला.

"दादा, ती गाठ मला शिकवाल?"

थोरल्यानं खिशातून तारेचं भेंडोळं काढलं. हातात घोळवलं, आणि परत खिशात ठेवलं.

"शिकवीन की," तो म्हणाला. "आधी कपडे वाळू देत तुझे."